अत्यावश्यक सेवेत नव्याने रुजू झालेल्यांसाठी : संप, नोटीस आणि मेस्मा समजून घेण्याची वाट

पाणीपुरवठा, वीज, एसटी, रुग्णालय, अग्निशमन किंवा सफाई अशा एखाद्या सेवेत माणूस रुजू होतो, तेव्हा पहिल्याच वर्षात त्याच्या कानावर दोन परस्परविरोधी सल्ले पडतात. एक ज्येष्ठ सहकारी सांगतो की आपल्याला संपाचा अधिकारच नाही, तेव्हा गप्प बसावे; दुसरा सांगतो की काही होत नाही, शेवटी सगळ्यांना परत घेतातच. हे दोन्ही सल्ले ऐकून नुकसान झालेली माणसे मी जवळून पाहिली आहेत. कायदा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे आणि तो मुख्यतः तारखा, नोटिसा आणि कागद यांच्या भाषेत बोलतो. मागणी रास्त असूनही केवळ एक तारीख चुकल्यामुळे संप बेकायदेशीर ठरतो आणि त्याची किंमत सर्वांत नवख्या कर्मचाऱ्याला मोजावी लागते. म्हणून पुढील टप्पे वाद उभा राहण्याच्या आधी, शांत काळात वाचून ठेवावेत.

पहिला टप्पा : आपण नेमके कोणाचे कर्मचारी आहोत, हे ओळखणे

आपले नियुक्तीपत्र बाहेर काढावे आणि त्यावर नियुक्ती करणारा कोण आहे, हे पाहावे. पुढचा सगळा मार्ग या एका ओळीवर ठरतो, आणि बहुतेक लोकांनी ती कधीच नीट वाचलेली नसते.

राज्य शासनाच्या विभागात थेट नियुक्ती असेल, तर आपण शासकीय कर्मचारी असता. आपल्याला महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, १९७९ लागू होतात आणि सेवाविषयक तक्रारींसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण हे ठिकाण असते. त्याची पीठे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत, आणि अंतिम आदेशानंतर अर्ज करण्यासाठी साधारणपणे एक वर्षाची मुदत असते.

महामंडळ, वीज कंपनी, परिवहन उपक्रम किंवा महापालिकेचा पाणी, मलनिस्सारण वा सफाई विभाग येथे नोकरी असेल, तर आपण बहुतांशी औद्योगिक कायद्यांच्या कक्षेत येता. येथे अनेकांचा गोंधळ होतो. एसटीचा वाहक सरकारी गणवेशासारखा गणवेश घालतो आणि सरकारच्या सवलतींची तिकिटे फाडतो, पण तो राज्य शासनाचा कर्मचारी नसतो. तो महामंडळाचा कामगार असतो. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू झालेल्या एसटीच्या दीर्घ आंदोलनाची मुख्य मागणी हीच होती, की महामंडळाचे शासनात विलीनीकरण करावे. महापालिका किंवा रुग्णालय म्हणजे ‘उद्योग’ कसा, असा प्रश्न नवख्याला पडतो. त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने १९७८ मध्ये बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या प्रकरणात दिले होते : मालक आणि कामगार यांच्या सहकार्याने, पद्धतशीरपणे, लोकांच्या गरजा भागवणाऱ्या वस्तू वा सेवा निर्माण होत असतील, तर नफ्याचा हेतू नसला तरी तो उद्योग होय. आता लागू असलेल्या औद्योगिक संबंध संहितेने व्याख्येची शब्दरचना बदलली असून शासनाची सार्वभौम कार्ये, म्हणजे जी केवळ शासनच करू शकते अशी कामे, तिच्यातून वगळली आहेत. तरीही पाणी, वीज, वाहतूक या कामांना ती सार्वभौम कार्ये आहेत असे सहसा म्हणता येत नाही. आपण पर्यवेक्षक असाल आणि वेतन दरमहा १८,००० रुपयांपेक्षा जास्त असेल, तर मात्र संहितेतील ‘कामगार’ या व्याख्येबाहेर पडता, हे ध्यानात ठेवावे.

रेल्वे, मोठी बंदरे आणि बँका यांच्या बाबतीत समुचित शासन, म्हणजे ज्याच्या यंत्रणेकडे तेथील कामगारविषयक वाद जातात ते सरकार, केंद्राचे असते. तेथील नोटीस राज्याच्या कामगार कार्यालयात देऊन उपयोग नसतो. ती केंद्रीय कामगार यंत्रणेच्या समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे मालक आणि कामगार यांच्यात तडजोड घडवण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जावी लागते. एका ठिकाणी कर्मचाऱ्यांनी अत्यंत काळजीपूर्वक लिहिलेली नोटीस चुकीच्या कार्यालयात दिली होती आणि ती चूक लक्षात येईपर्यंत संपाची जाहीर केलेली तारीख उलटून चालली होती. त्या नोटिशीचा मसुदा करण्यात माझाही हात होता, म्हणून ती चूक मी विसरलेलो नाही.

पोलिसांचा प्रश्न पूर्णपणे वेगळा आहे. राज्यघटनेच्या ३३ व्या अनुच्छेदाच्या आधारे केलेल्या १९६६ च्या कायद्याने पोलीस दलांच्या संघटना करण्याच्या अधिकारावर बंधने घातली आहेत. मुंबईत ऑगस्ट १९८२ मध्ये पोलीस शिपायांचे आंदोलन झाले, त्यानंतर त्यांच्या संघटनेची मान्यता गेली. पोलीस दलातील वाचकांना या लेखातील नोटिशीचा मार्ग लागू पडत नाही.

उरतात कंत्राटी आणि मानधनी कर्मचारी. त्यांच्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहितो, कारण आज अत्यावश्यक सेवांचा मोठा भार त्यांच्याच खांद्यावर आहे.

दुसरा टप्पा : ‘अत्यावश्यक’ हा शब्द कोणत्या कायद्यात वापरला आहे, ते पाहणे

बोलीभाषेत आपण ज्या सेवेला अत्यावश्यक म्हणतो, ती कायद्याच्या दृष्टीने प्रत्येक वेळी तशी असतेच असे नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘लोकोपयोगी सेवा’ असा वर्ग होता. त्यात रेल्वे, टपाल, वीज, पाणी, सार्वजनिक स्वच्छता वगैरे सेवा थेट येत, आणि रुग्णालये, अग्निशमन, बँका यांसारखे अनुसूचीतील उद्योग सहा महिन्यांसाठी अधिसूचना काढून त्यात घेता येत. संपापूर्वी नोटीस देण्याची सक्ती या वर्गापुरती होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली, तेव्हा हा भेद संपला. आता नोटिशीची सक्ती प्रत्येक औद्योगिक आस्थापनेला आहे. जुन्या पुस्तिकांवर विसंबून संघटनेची शाखा चालवणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा बदल आधी लक्षात घ्यावा.

‘अत्यावश्यक सेवा’ हा शब्द वेगळ्या कायद्यांतून येतो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी १९ सप्टेंबर १९६८ रोजी एक दिवसाचा लाक्षणिक संप केला, त्या सुमारास आधी अध्यादेश आणि मग कायदा आला. पुढे १९८१ मध्ये दुसरा केंद्रीय कायदा झाला. लोक ज्याला ‘एस्मा’ म्हणतात, तो हा. महाराष्ट्राचा कायदा म्हणजे महाराष्ट्र अत्यावश्यक सेवा परिरक्षण अधिनियम, अर्थात ‘मेस्मा’; ठरावीक सेवांतील संपास मनाई करण्याचा अधिकार तो शासनाला देतो. जुन्या निवृत्तिवेतनासाठी १४ मार्च २०२३ रोजी राज्य कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, त्याच सुमारास विधिमंडळाने हा कायदा नव्याने संमत केला. संरक्षण क्षेत्रासाठी २०२१ मध्ये असाच एक केंद्रीय कायदा झाला होता. आयुध निर्माण्यांचे कंपन्यांत रूपांतर होत असताना तो आला, आणि त्यामुळे खडकी, अंबरनाथ, भंडारा, भुसावळ येथील निर्माण्यांतील कामगारांना त्याची झळ लागली. त्याचे आयुष्य मुळातच एका वर्षाचे ठेवलेले होते.

या कायद्यांतील सेवांच्या याद्या मला अति रुंद वाटतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्यवहारात अत्यावश्यक सेवा म्हणजे जी थांबल्याने लोकांचे प्राण, सुरक्षितता किंवा आरोग्य धोक्यात येते तीच सेवा. रुग्णालय, वीज, पाणी, हवाई वाहतूक नियंत्रण त्यात बसतात. सर्वसाधारण प्रवासी वाहतूक आणि शिक्षण सहसा बसत नाहीत. भारताने त्या संघटनेच्या ८७ आणि ९८ क्रमांकांच्या करारांना मान्यता दिलेली नाही, त्यामुळे हा युक्तिवाद न्यायालयात निर्णायक ठरत नाही; पण वाटाघाटीच्या टेबलावर तो मांडावा.

तिसरा टप्पा : संपाच्या अधिकाराचे खरे स्वरूप समजून घेणे

संघटना स्थापन करणे हा घटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने दिलेला मूलभूत अधिकार आहे. संप करणे हा मूलभूत अधिकार नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने बँक कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात साठच्या दशकाच्या आरंभीच सांगितले, आणि १९६२ मधील कामेश्वर प्रसाद प्रकरणात शांततामय निदर्शनांना संरक्षण देतानाही संपाला ते दिले नाही. शासकीय कर्मचाऱ्यांसाठी २००३ चा निकाल फार कठोर आहे. तमिळनाडू सरकारने त्या वर्षी संपावर गेलेल्या सुमारे १ लाख ७० हजार कर्मचाऱ्यांना एका झटक्यात बडतर्फ केले होते, टी. के. रंगराजन यांच्या याचिकेवर न्यायालयाने बहुतेकांना परत घेण्याची वाट मोकळी झाल्याची नोंद घेतली, परंतु शासकीय कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, वैधानिक किंवा नैतिक अधिकारही नाही, असे म्हटले. ‘नैतिक’ हा शब्द त्या निकालात यावा, याचे मला आजही दुःख वाटते. महाराष्ट्रात १९७७-७८ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांनी ५४ दिवसांचा संप केला होता आणि या राज्याच्या कर्मचारी चळवळीची पुढची अनेक वर्षे त्यातून घडली.

औद्योगिक कामगारांचे स्थान याहून बरे आहे. त्यांचा संपाचा अधिकार मूलभूत नसला, तरी कायद्याने मान्य केलेला आणि अटींनी बांधलेला आहे. अटी पाळल्या की संप कायदेशीर असतो. म्हणूनच पहिल्या टप्प्यात आपण कोणत्या गटात येतो, हे ओळखायला सांगितले.

चौथा टप्पा : नोटिशीचे गणित

हा टप्पा सर्वांत सावकाश वाचावा. संहितेच्या ६२ व्या कलमानुसार संपाची नोटीस संपापूर्वीच्या ६० दिवसांच्या आत दिलेली असावी लागते. नोटीस दिल्यापासून १४ दिवस संप करता येत नाही. नोटिशीत लिहिलेली तारीख येण्याआधी करता येत नाही. समेटाची कार्यवाही चालू असताना आणि ती संपल्यावर ७ दिवस करता येत नाही. औद्योगिक न्यायाधिकरणात प्रकरण चालू असताना आणि त्यानंतर ६० दिवस करता येत नाही. आणि एखादा करार वा निवाडा अमलात असेल, तर त्यातील विषयांवर करता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागातील संघटनेने १ जून रोजी नोटीस दिली. १५ जूनपर्यंत संप बेकायदेशीर. त्यानंतर जुलैअखेरपर्यंतची खिडकी उघडी दिसते. परंतु समेट अधिकाऱ्याने १० जूनला पहिली बैठक घेतली, की त्या दिवसापासून समेटाची कार्यवाही सुरू झाली असे मानले जाते. संपाची नोटीस असल्यास त्याने आपला अहवाल १४ दिवसांत द्यायचा असतो, म्हणजे २४ जूनच्या सुमारास. त्यापुढे आणखी ७ दिवस. जुलै उजाडला. आता समेट फसला असेल, तर कोणताही पक्ष ९० दिवसांच्या आत थेट न्यायाधिकरणात जाऊ शकतो, आणि कोणताही पक्ष म्हणजे मालकसुद्धा. व्यवस्थापनाने २ जुलैला अर्ज दाखल केला, की खिडकी पुन्हा बंद होते. तेव्हा कागदावर संपाचा अधिकार असला, तरी प्रत्यक्षात कायदेशीर संपासाठी मिळणारे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतात. ज्याने ही तारीखवही आधी मांडली नाही, त्याने संपाची हाक देऊ नये, असे मी आग्रहाने सांगतो.

महाराष्ट्रात याच्या जोडीला कामगार संघांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध यांविषयीचा १९७१ चा राज्य कायदा आहे. त्यातही विहित नमुन्यातील १४ दिवसांची नोटीस लागते, आणि मान्यताप्राप्त संघटना असेल, तर तिच्या सभासदांचे बहुमत संपाच्या बाजूने असल्याचे मतदान झालेले असावे लागते. सुरक्षित मार्ग एकच : दोन्ही कायद्यांच्या अटी एकाच वेळी पूर्ण कराव्यात. या राज्य कायद्यात एक दिलासाही आहे. न्यायालयाने संप बेकायदेशीर ठरवल्यावर ४८ तासांच्या आत तो मागे घेतला, तर त्या कायद्यापुरता तो बेकायदेशीर मानला जात नाही. निकालाच्या दिवशी संतापाच्या भरात ‘आता माघार नाही’ अशी घोषणा देणारे नेते या ४८ तासांचे मोल विसरतात.

नोटीस लिहिताना चार गोष्टी कराव्यात. मागण्या क्रमाने आणि नेमक्या शब्दांत लिहाव्यात. संपाची तारीख आणि वेळ स्पष्ट घालावी. प्रत समेट अधिकाऱ्याला, म्हणजे जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात, द्यावी. आणि प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक व सही घ्यावी. पोच नसलेली नोटीस दिलीच नाही, असे समजून चालावे.

पाचवी गोष्ट कायदा सक्तीने मागत नाही, तरी मी ती मागेन. संपकाळात कोणते किमान काम चालू ठेवणार, हे नोटिशीतच लिहावे : पाण्याचे क्लोरिनीकरण, रुग्णालयांच्या आणि अग्निशमनाच्या वीजवाहिन्या, अतिदक्षता विभाग, प्रसूतीकक्ष, आपत्कालीन रुग्णवाहिका. पंप चालवणाऱ्याला ठाऊक असते की पंप बंद पडला, तर त्याचा पहिला फटका वरच्या मजल्यावरच्या साहेबांना बसत नाही. तो टेकडीवरच्या वस्तीतील नळावर रांगेत उभ्या राहणाऱ्या बायांना बसतो. त्या बाया आपल्यासारख्याच घरांतल्या असतात.

पाचवा टप्पा : संप कशाला म्हणतात

काम थांबवणे म्हणजे संप, एवढीच व्याख्या डोक्यात ठेवणारे येथे फसतात. संहितेनुसार एखाद्या दिवशी ५० टक्के किंवा अधिक कामगारांनी ठरवून किरकोळ रजा घेतली, तर तोही संपच. सामूहिक रजेची जुनी युक्ती त्यामुळे आता सुरक्षित राहिलेली नाही. मेस्माच्या धर्तीवरील कायदे याहून पुढे जातात : सेवा चालू ठेवण्यासाठी आवश्यक असलेले जादा काम एकत्रितपणे नाकारणे किंवा काम ठळकपणे मंदावेल असे वागणे, हेही त्यांत संपाच्या व्याख्येत येते. ‘लेखणी बंद’, ‘नियमानुसार काम’ या नावांनी केलेली कृती नावामुळे वाचत नाही. तिचा परिणाम काय झाला, ते पाहिले जाते.

काळ्या फिती लावून काम करणे, कामाच्या वेळेबाहेर द्वारसभा घेणे, निवेदन देणे, कुटुंबीयांसह शांततेने धरणे धरणे यांत काम थांबत नाही, म्हणून तो संप ठरत नाही. शासकीय कर्मचाऱ्यांनी मात्र यांपैकी प्रत्येक कृती वर्तणूक नियमांशी ताडून पाहावी आणि सभाबंदीचा आदेश आहे का, ते तपासावे.

सहावा टप्पा : मेस्माचा आदेश निघाला, तर

मेस्मा हा कायदा पुस्तकात असला, म्हणून तो आपोआप लागू होत नाही. शासनाला एखाद्या सेवेतील संपास मनाई करणारा आदेश काढून प्रसिद्ध करावा लागतो. असा आदेश ठराविक मुदतीसाठी, साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत, असतो आणि ती मुदत वाढवता येते. म्हणून ‘मेस्मा लागला’ असे वृत्तवाहिनीवर ऐकले, की घाबरण्याआधी आदेशाची प्रत मिळवावी आणि त्यात तीन गोष्टी शोधाव्यात : कोणत्या सेवेचे नाव आहे, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आहे, आणि आपले पद व आपली आस्थापना त्या वर्णनात बसते का.

आदेश लागू असेल, तर आधी दिलेली नोटीस कितीही अचूक असली, तरी तिचे संरक्षण उरत नाही. मनाई असताना केलेला संप हा गुन्हा होतो, पोलीस अधिपत्राशिवाय (वॉरंटशिवाय) अटक करू शकतात आणि कैदेची शिक्षा होऊ शकते. संपात स्वतः भाग न घेता इतरांना चिथावणी देणारा आणि संपाला पैसे पुरवणारा हेही दोषी ठरतात. व्हॉट्सॲपच्या गटात ‘उद्या कोणीही कामावर जायचे नाही’ असा संदेश पुढे पाठवणारा नवखा कर्मचारी, आपण फक्त निरोप दिला, असे समजत असतो. तपासात तोच संदेश पहिला पुरावा म्हणून समोर ठेवला जातो.

हा कायदा कोणावर वापरावा, याबाबत शासनाचेही पाऊल चुकलेले आहे. मार्च २०१८ मध्ये अंगणवाडी सेविकांना मेस्मा लागू करण्यात आला आणि विधिमंडळात मोठा विरोध झाल्यावर तो निर्णय स्थगित करावा लागला. ज्या बायांना वेतन देताना त्या मानसेवी ठरतात आणि केवळ मानधन मिळते, त्यांनाच संप रोखताना अत्यावश्यक सेवेतील कर्मचारी म्हणायचे, हे न्यायाला धरून नव्हते. पुढे एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस उपदानास (ग्रॅच्युइटीस) पात्र असल्याचे सांगितले, तेव्हा त्यांचे काम हे काम आहे, एवढे तरी मान्य झाले.

सातवा टप्पा : वेतन, निलंबन आणि सेवाखंड (सेवेची सलगता तुटणे)

‘काम नाही, तर वेतन नाही’ हे तत्त्व कायदेशीर संपालाही लागू होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९४ मध्ये सिंडिकेट बँकेच्या प्रकरणात सांगितले, की संपकाळाचे वेतन मिळण्यासाठी संप कायदेशीरही असावा लागतो आणि समर्थनीयही. त्याआधी १९९० मध्ये काही तासांच्या काम बंदसाठीही वेतनकपात मान्य झाली होती. याशिवाय एक तरतूद फार थोड्यांना माहीत असते : दहा किंवा अधिक जणांनी मिळून, सेवाकरारानुसार आवश्यक नोटीस न देता आणि वाजवी कारणाशिवाय गैरहजेरी लावली, तर करारात तशी अट असल्यास आठ दिवसांपर्यंतचे वेतन जादा कापता येते. एका दिवसाच्या अचानक संपाचा हिशेब नऊ दिवसांवर जाऊ शकतो, तो असा.

बेकायदेशीर संपासाठी संहितेत कामगाराला १,००० ते १०,००० रुपये दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे; चिथावणी देणाऱ्यासाठी दंड १०,००० ते ५०,००० रुपये. जुन्या कायद्यात कामगाराचा दंड ५० रुपये होता, यावरून फरक लक्षात यावा.

कारणे दाखवा नोटीस आली, तर तिला मुदतीत, स्वतःच्या शब्दांत आणि स्वतःपुरते उत्तर द्यावे. सगळ्यांनी एकच छापील उत्तर दिले, तर त्या दिवशी खरोखर आजारी असलेला किंवा साप्ताहिक सुट्टीवर असलेला कर्मचारीही संपकरी ठरतो. निलंबन झाल्यास, स्थायी आदेश (आस्थापनेचे प्रमाणित सेवानियम) लागू असलेल्या आस्थापनेत पहिले ९० दिवस वेतनाच्या ५० टक्के आणि चौकशी कामगारामुळे लांबलेली नसेल, तर त्यापुढे ७५ टक्के निर्वाह भत्ता मिळतो. तो न मागता मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये. लेखी अर्ज करावा.

आठवा टप्पा : जे काम नाकारणे हा संप नव्हेच

सफाई आणि मलनिस्सारण विभागातील नवख्यांनी हा भाग पाठ करावा. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधने आणि खबरदारी यांशिवाय गटारात किंवा मलटाकीत माणूस उतरवण्यास मनाई केली आहे. पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. मुकादमाने दोरीशिवाय आत उतरायला सांगितले आणि आपण नकार दिला, तर आपण बेकायदेशीर हुकूम नाकारला. संप केला नाही. तो नकार त्याच दिवशी लेखी द्यावा, तारीख, वेळ आणि मॅनहोलचे ठिकाण लिहावे आणि दोन सहकाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात. अत्यावश्यक सेवेचे नाव पुढे करून कोणी दटावले, तरी आत उतरू नये.

नववा टप्पा : कंत्राटी कामगारांची वाट

ठेकेदाराकडील कामगाराने दोन नावे कायम लिहून ठेवावीत : ठेकेदाराचे आणि मूळ नियोक्त्याचे, म्हणजे ज्या संस्थेने ठेका दिला तिचे. ठेकेदाराने वेतन थकवले, तर ते देण्याची जबाबदारी मूळ नियोक्त्यावर येते. हजेरीचे छायाचित्र, ओळखपत्र, वेतनपावती, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक हे सर्व जपावे, कारण ठेका बदलतो तेव्हा कागद नाहीसे होतात आणि दहा वर्षे तोच रस्ता झाडणारा माणूस कागदावर ‘नवा’ ठरतो.

येथे मुंबईचे उदाहरण धीर देणारे आहे. मुंबई महापालिकेच्या कचरा वाहतूक कामगारांच्या संघटनेने ठेका पद्धत हा केवळ देखावा आहे, असे न्यायाधिकरणात पुराव्यांनी सिद्ध केले आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० सफाई कामगारांच्या कायमपणाचा निर्णय मान्य केला. तो लढा वर्षानुवर्षे चालला आणि ज्यांनी जुने कागद सांभाळले, त्यांच्या बळावर उभा राहिला.

दहावा टप्पा : संपाआधीच्या आणि संपानंतरच्या वाटा

व्यवस्थापनाला पाळी, वेतनरचना, सुट्ट्या अशा सेवाशर्ती बदलायच्या असतील, तर २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते. समेट किंवा न्यायाधिकरणातील प्रकरण चालू असताना संबंधित सेवाशर्ती कामगाराच्या तोट्यात बदलता येत नाहीत. म्हणजे ज्या कार्यवाहीमुळे आपला संप अडतो, तीच मालकाचा हातही अडवते. हुशार शाखा या दुसऱ्या बाजूचा उपयोग करते. सूडबुद्धीने बदली किंवा बडतर्फी झाली, तर १९७१ च्या राज्य कायद्याखाली अनुचित कामगार प्रथेची तक्रार ९० दिवसांच्या आत करता येते. वाटाघाटीला कोण बसणार, हेही आधी ठरलेले असावे : हजेरीपटावरील ५१ टक्के कामगार ज्या संघटनेचे सभासद असतील, ती संहितेनुसार वाटाघाटीची एकमेव संघटना ठरते.

संप लांबला, की वाट बहुधा उच्च न्यायालयातून जाते. जानेवारी २०१९ मध्ये बेस्टचा संप नऊ दिवस चालला आणि न्यायालयाने मध्यस्थ नेमल्यावर मिटला. एसटीच्या आंदोलनात न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये २२ तारखेपर्यंत कामावर हजर होण्यास सांगितले. विलीनीकरण झाले नाही, पण कारवाई झालेल्या कर्मचाऱ्यांना परतीची वाट मिळाली. याउलट ४ जानेवारी २०२३ रोजी सुरू झालेला वीज कर्मचाऱ्यांचा ७२ तासांचा संप, शासनाने चर्चेला बोलावल्यावर, त्याच दिवशी मागे घेतला गेला.

समझोत्याच्या रात्री सगळे थकलेले असतात आणि मूळ मागणीवरच लक्ष असते, म्हणून लहान ओळी सुटतात. सही करण्यापूर्वी समझोत्यात पुढील बाबी स्वतंत्र कलमांनी आल्या आहेत का, ते पाहावे : संपकाळ कोणती रजा म्हणून धरणार, सेवाखंड होणार नाही, हे स्पष्ट लिहिले आहे का, निलंबने आणि आरोपपत्रे कोणत्या तारखेपर्यंत मागे घेणार, पोलिसांत नोंदलेले गुन्हे मागे घेण्याची शिफारस कोण करणार, कंत्राटी आणि परिवीक्षाधीन (प्रोबेशनवरील) कर्मचाऱ्यांना हे सर्व लागू आहे का. शेवटच्या मुद्द्यावर अडून बसावे. परिवीक्षेतील कर्मचाऱ्याची सेवा समाप्त करणे सर्वांत सोपे असते आणि समझोत्यात त्याचे नाव नसेल, तर पुढे त्याच्यासाठी कोणालाही भांडता येत नाही. समेट अधिकाऱ्यासमोर सह्या झाल्या, की समझोत्याची प्रत शिक्क्यासह घ्यावी आणि ती शाखेच्या फलकावर दुसऱ्या दिवशीची पहिली पाळी सुरू होण्याआधी लावावी.